चार नंबर मारत नाही

प्रायश्चित्त काळातील तिसरा रविवार
वाचने : निर्गम 3:1-8, 13-15, 1 करिंथ 10:1-6, 10-12, लूक 13:1-9



आजच्या शुभवर्तमानात काही माणसे येशूकडे एक बातमी घेऊन येतात. गालीलातील काही लोक यज्ञ अर्पण करीत असताना पिलाताने त्यांना ठार मारले, ही ती बातमी. बातमीबरोबर त्यांच्या मनात निदानही तयार आहे. ज्यांच्यावर एवढे मोठे संकट आले, ते नक्कीच मोठे पापी असणार! येशू हे निदान साफ नाकारतो. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांची तो स्वतःहून आठवण काढतो आणि विचारतो की, यरुशलेममध्ये राहणाऱ्या बाकीच्यांपेक्षा ते अधिक दोषी होते असे तुम्हाला वाटते काय? त्यानंतर तो अंजिराच्या झाडाचा दाखला सांगतो.

आपण औद्योगिक वसाहतीच्या शेजारी राहतो. जानेवारी 2020 मध्ये तारापूर एमआयडीसीत झालेला स्फोट तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. असे काही घडले की कोणी म्हणतो नशीब, कोणी म्हणतो कर्म, कोणी म्हणतो कुणाचे तरी पाप भोवले. एवढे बोलून आपण चहाचा कप खाली ठेवतो आणि कामाला लागतो. कारण शोधायचे कष्ट त्यातून वाचतात.

या उताऱ्यावर मी यापूर्वी अनेकदा प्रवचन केले आहे. शिलोहाचा बुरूज, पश्चात्ताप, देवाची सहनशीलता, सगळे नेमके सांगितले आहे. पण चुकीचे निदान करणाऱ्यांच्या रांगेत मी स्वतः उभा आहे, हे मला गेल्या ऑगस्टमध्ये एका जुन्या लष्करी गाडीमुळे कळले. त्या गाडीचीच हकिगत आज सांगतो.

आपल्या धर्मग्रामातील एक अंकल सैन्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांचे नाव मी लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही आणि तुम्हा सर्वांना ते ठाऊकच आहेत. त्यांची सारी नोकरी ईएमईत, म्हणजे सैन्याच्या गाड्या, रणगाडे आणि यंत्रे दुरुस्त करणाऱ्या दलात झाली. 1943 साली स्थापन झालेल्या या दलाचे ब्रीदवाक्य ‘कर्म ही धर्म’ असे आहे. अंकल ते बोलून दाखवत नाहीत, पण त्यांच्या हाताकडे पाहिले की समजते. त्यांच्याकडे लिलावातून घेतलेली एक जोंगा आहे. तरुणांसाठी सांगतो, जोंगा ही जीपसारखी पण जीपपेक्षा मोठी आणि दणकट गाडी. जपानच्या निस्सान कंपनीच्या परवान्याने ती जबलपूरला सैन्यासाठी तयार होत असे. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरिज असेंब्ली’ या इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेऊन जोंगा हे नाव झाले. 1999 मध्ये तिचे उत्पादन थांबले. सहा सिलिंडरचे, जवळजवळ चार लिटरचे पेट्रोल इंजिन. पेट्रोल पिण्याबद्दल तर ती पूर्वीपासून बदनाम आहे. (आमच्या सेमिनरीतही असे एक-दोघे होते, पण तो विषय जेवणाचा होता.)

ऑगस्टमध्ये पाऊस जोरात असताना पाड्यांवरचे रस्ते वाहून गेले होते. माझ्या स्कूटरचे ते काम नव्हते. अंकल म्हणाले, “फादर, जोंगा काढतो.” आम्ही दोघे मनोरच्या पलीकडच्या पाड्यांवर जाऊन आलो. परतताना मी वाटेत बोलत होतो. आज कबूल करतो की मी तक्रार करीत होतो. पाड्यावरच्या लोकांना रविवारच्या मिस्साचे गांभीर्य नाही, मुलांना धर्मशिक्षणाला पाठवत नाहीत, किती वेळा सांगायचे, असे सगळे. अंकल गाडी चालवत होते. ते काही बोलले नाहीत.

वाघोबा खिंडीचा चढ सुरू झाला आणि गाडीने झटके द्यायला सुरुवात केली. सायलेन्सरमधून फट् फट् असा आवाज येऊ लागला. अंकलनी गिअर उतरवला. कशीबशी खिंड पार करून आम्ही पालघरला आणि तिथून उमरोळीवरून बोईसरला आलो. सपाटीवर गाडी त्यामानाने बरी चालत होती. अंकल एवढेच म्हणाले, “मिसिंग आहे. एक सिलिंडर मारत नाही.”

दुसऱ्या दिवशी त्यांना मुंबईला जायचे होते, म्हणून मी हौसेने गाडी एका गॅरेजमध्ये नेली. त्या भल्या माणसाने ऐकल्याबरोबर सांगितले, “प्लग गेले.” सहाच्या सहा प्लग बदलले. कार्बोरेटर उघडून धुतला. पेट्रोलमध्ये पाणी असेल, असेही म्हणाला. मी पैसे दिले. गाडी खरोखरच छान चालू लागली आणि मला माझा अभिमान वाटला. दोन दिवसांनी पुन्हा फट् फट्!

अंकल परतले. मी झालेली हकिगत सांगितली. ते रागावले नाहीत. मी बोनेट उघडायला गेलो तेव्हा मात्र त्यांनी हात धरला. “फादर, पहिलं ऐकायचं. बोनेट नंतर.” त्यांनी इंजिन सुरू केले आणि बाजूला उभे राहून बराच वेळ नुसते ऐकत राहिले.

त्यांनी पुढे जे केले ते मी जरा सविस्तर सांगतो, कारण सगळे त्यातच आहे. इंजिन चालू ठेवून त्यांनी रबरी मुठीच्या पकडीने एक नंबरच्या प्लगची वायर काढली. इंजिनचा आवाज लगेच पडला, गाडी थरथरू लागली. वायर परत लावली. दोन नंबरची काढली, पुन्हा आवाज पडला. तिसरी, तसेच. चौथी काढली आणि काहीच झाले नाही. इंजिन आधी होते तसेच लंगडत राहिले. “हा बघा,” अंकल म्हणाले. “काढल्यावर जिथे गाडीला दुखतं, तो कामावर आहे. काढल्यावर काहीच कळत नाही, तो बसलाय.”

चार नंबरचा प्लग बाहेर काढला. पेट्रोलने ओला आणि काजळीने काळा. माझ्या दृष्टीने प्रकरण मिटले. गुन्हेगार हातात होता. अंकलनी तो काळा प्लग पुसून तीन नंबरला लावला आणि तीनचा स्वच्छ प्लग चारला. इंजिन सुरू केले. तीन नंबर उत्तम चालू लागला; चार पूर्वीसारखाच मेलेला. म्हणजे प्लग निर्दोष. मग चारची वायर बदलून पाहिली. फरक नाही. वायर निर्दोष. मग कॉम्प्रेशन तपासले. ते बाकीच्यांइतकेच भरले. म्हणजे व्हॉल्व्ह आणि रिंगाही निर्दोष.

गोरेगावच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अन्वय-व्यतिरेक आम्हाला शिकवले होते. कारण असले तर कार्य असते, कारण नसले तर कार्य नसते. म्हणून एकेक गोष्ट काढून पाहायची. जॉन स्टुअर्ट मिलने 1843 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात हीच रीत आहे. परीक्षेत मला त्यावर चांगले गुण मिळाले होते. ती रीत अशी ग्रीसने माखलेल्या हातांनी चालवताना मात्र मी प्रथमच पाहिली. तिच्यात एक सभ्यता आहे, हेही तेव्हाच जाणवले. दोष सिद्ध होईपर्यंत ती कोणालाही दोषी म्हणत नाही.

तोपर्यंत रात्र झाली होती. अंकलनी पोर्चमधला दिवा घालवायला सांगितला, बाहेरची ट्यूबही. बोनेट उघडे, इंजिन चालू, बाकी सगळा अंधार. “आता बघा.” आणि मला दिसले. डेल्कोच्या टोपणावर, दोन वायरींच्या मधे, एक बारीक निळा धागा वळवळत होता. सहा-सात तास उजेडात पाहून जे दिसले नव्हते, ते अंधारात एका क्षणात दिसले.

डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर. कॉइल बॅटरीच्या थोड्याशा व्होल्टचे हजारो व्होल्ट करते आणि डेल्कोतला फिरता रोटर ती वीज एकेका सिलिंडरला त्याच्या पाळीप्रमाणे वाटतो. सहा सिलिंडरची पाळी ओळीने नसते. एक, पाच, तीन, सहा, दोन, चार अशी असते. त्यामुळे टोपणात चारच्या शेजारी दोन बसतो. आपल्या समुद्रकाठची खारी हवा, पावसाळ्याची ओल आणि वर्षांची धूळ यांनी टोपणाच्या आत दोन आणि चारच्या मधे पेन्सिलीने ओढल्यासारखी एक रेघ तयार झाली होती. ती कार्बनची असते आणि वीज तिच्यावरून वाहते. चारची पाळी आली की वीज चारकडे न जाता त्या रेघेवरून दोनकडे पळत होती. का? कारण दोन नंबरचा स्फोट नुकताच होऊन गेलेला असतो, आतला दाब उतरलेला असतो. तिथे ठिणगी पडायला सोपे. चारमध्ये त्या वेळी दाबलेले मिश्रण भरलेले असते. तिथे ठिणगी पडायला कठीण. चढावर तर आणखी कठीण. नवे प्लग घातल्यावर ते थोडे सोपे झाले होते, म्हणून दोन दिवस गाडी चालली. म्हणजे ज्याला आत्ताच मिळाले होते त्यालाच पुन्हा मिळत होते, आणि तेही वाया जात होते. ज्याला खरी गरज होती तो पेट्रोल घेऊन थांबलेला, ठिणगीची वाट पाहत.

अंकल म्हणाले, “फादर, चारचा काही दोष नाही. त्याच्यापर्यंत पोचतच नाही.”

नवे टोपण कुर्ल्याच्या बाजारात मिळेपर्यंत त्यांनी ती रेघ खरवडली, पेट्रोलने धुऊन सुकवली आणि सुनेकडून नेलपॉलिश मागून त्यावर दोन हात दिले. नेलपॉलिश वीज अडवते. सूनबाईंनी कोणता रंग पाहिजे असे विचारले, तेव्हा अंकल पहिल्यांदा हसले.

मी घरी आलो. माझ्या टेबलावर गेल्या वर्षाचे धर्मशिक्षणाचे हजेरीपुस्तक पडले होते. बंधू-भगिनींनो, आता मी जे लिहितो आहे ते पॅरिश कौन्सिलच्या सभेत सांगून झाले आहे. पण तुम्हा सर्वांसमोर सांगणे बाकी होते.

त्या वर्षी मी पाच मुलांची नावे प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या यादीतून काढली. पाचही पाड्यांवरची. कारण एकच, हजेरी अपुरी. मी वेदीवरून नावे घेतली नाहीत, पण कोणाविषयी बोलतो आहे ते सर्वांना कळेल अशा शब्दांत बोललो. त्या रात्री मी हजेरीपुस्तक पहिल्या पानापासून वाचले. जूनपासून पाचही मुले हजर. दिवाळीच्या पुढच्या आठवड्यापासून पाचही गैरहजर, आणि तीही शेवटपर्यंत. पाच घरांची श्रद्धा एकाच आठवड्यात ढिली होते काय? दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातली कितीतरी आदिवासी कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आल्यावर परततात, हे मला माहीत नव्हते असे नाही. मी ते जोडून पाहिले नाही. काळा प्लग हातात आला होता ना!

मग मी आमच्या सूचना कशा जातात ते पाहिले. मिस्सानंतर चर्चमध्ये घोषणा होते. तीच व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जाते. तीच या पत्रकात छापली जाते. कॉलनीत राहणाऱ्या कुटुंबाला एक निरोप तीन वेळा मिळतो. भट्टीवर गेलेल्या कुटुंबाला एकदाही नाही. धर्मशिक्षणाचा वर्ग रविवारी सकाळच्या मिस्सानंतर. पाड्यावरून येणारी शेअर जीप भरल्याशिवाय निघत नाही. एमआयडीसीत कंत्राटावर काम करणाऱ्या कितीतरी बापांची सुटी रविवारी नसते. 1969 पासून तारापूरला अणुशक्तीवर वीज तयार होते आणि दूरदूर जाते. पण भारनियमनाच्या वर्षांत जवळच्या पाड्यांवर संध्याकाळी चिमणी लावावी लागे, हे जुन्या लोकांना आठवत असेल. आपण तेव्हा त्यावर फार चिडत होतो.

डिस्ट्रिब्युटर म्हणजे वाटणारा. दर रविवारी वेदीसमोर उभा राहून वाटतो तो मी. रेघ माझ्या टोपणात होती.

पापनिवेदनाला येणारे पुष्कळ जण म्हणतात, “फादर, राग आला, खोटं बोललो, प्रार्थना चुकली.” दर वेळी तेच आणि त्याच क्रमाने. मीही माझ्या पापनिवेदनात वर्षानुवर्षे ‘कर्तव्यात कसूर’ असे म्हणत आलो. सहाही प्लग एकदम बदलण्याचा हा प्रकार आहे. दोन दिवस बरे वाटते. गेल्या सप्टेंबरात मी वसईला एका वयोवृद्ध धर्मगुरूंकडे गेलो आणि प्रथमच म्हणालो की मी पाच मुलांना ख्रिस्तापासून अडवले आणि त्यांच्या आईवडिलांना दोष दिला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “त्यांच्याकडे गेलास का?” मी गेलो नव्हतो.

आजच्या पहिल्या वाचनात मोशे जळणारे झुडूप पाहतो. आपले लक्ष आगीकडे जाते, कारण ती झुडपाला जाळीत नाही. पण देव काय सांगतो तिकडे पाहा. आपल्या लोकांचे हाल आपण पाहिले, त्यांचे रडणे ऐकले, त्यांचे दुःख आपल्याला ठाऊक आहे आणि म्हणून आपण खाली उतरलो आहोत, अशा अर्थाचे तो बोलतो. पाहणे, ऐकणे, जाणणे, उतरणे या क्रमाने. आज्ञा पुष्कळ नंतर येतात. मी सुरुवातच हजेरीपुस्तकापासून केली होती.

आणि अंजिराचे झाड. मालक तीन वर्षे फळ शोधायला येतो आणि मग झाड तोडून टाकायला सांगतो. त्याची तक्रार खरी आहे. फळ खरोखरच नाही. माळी ती नाकारत नाही. तो झाडाची बाजू घेऊन भांडतही नाही. तो फक्त म्हणतो की भोवती खणून खत घालू दे. म्हणजे फांद्या तपासायचे सोडून मुळांपर्यंत काय पोचते आहे ते पाहू दे. मला वाटते येशूने या दाखल्याचा शेवट मुद्दाम उघडा ठेवला. पुढच्या वर्षी फळ आले की नाही ते लूक सांगत नाही.

ऑक्टोबरपर्यंत मी पाचही घरी गेलो. चार घरांनी मला चहा दिला आणि विषय वाढवला नाही. आदिवासी माणूस घरी आलेल्याला लाजवत नाही. पाचव्या घरी मुलाची आई दारातच उभी राहिली. मी क्षमा मागितली. ती म्हणाली, “फादर, पोरासाठी पांढरा शर्ट घेऊन ठेवला होता. आता तो त्याला होत नाही.” एवढेच. मी उभाच होतो. पाऊस पडत होता. तिने आत या म्हटले नाही आणि तो तिचा अधिकार होता.

दिवाळीनंतर ती कुटुंबे पुन्हा भट्टीवर गेली. आमच्या हातून पुन्हा एक महिना निसटला, कारण कोण कुठल्या भट्टीवर गेले ते लिहून घ्यायचे आम्ही विसरलो. (रेघ खरवडली तरी खूण राहते, अंकल म्हणालेच होते की नवे टोपण घातल्याशिवाय खरे नाही.) जानेवारीत मनोर-वाडा रस्त्याच्या बाजूच्या भट्ट्यांवर चारही घरे सापडली, आणि शेवटी पाचवेही. तेव्हापासून सिस्टर आणि दोन धर्मशिक्षिका दर शनिवारी दुपारी तिथे जातात. विटांच्या थरांच्या आडोशाला वर्ग भरतो. आता मुले पाच नाहीत, अकरा आहेत. सहा जणांविषयी तर आम्हाला माहितीच नव्हती. पास्काच्या सणानंतर, कुटुंबे पाड्यावर परतण्यापूर्वी, तिथेच मिस्सा अर्पण करून त्यांना प्रथम ख्रिस्तप्रसाद देण्याचे ठरले आहे. चर्चमध्येच का नाही, असे काहींनी विचारले. त्या दिवसाची मजुरी बुडेल, म्हणून.

येत्या शनिवारी जोंगा दुपारी साडेतीनला चर्चच्या आवारातून निघेल. मागच्या बाकांवर सहा जणांची जागा आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी शुक्रवारपर्यंत ऑफिसात नाव द्यावे. कपडे जुने घालावेत, धूळ फार असते. सोबत खाऊ आणू नये, अशी सिस्टरांची विनंती आहे; आधी मुलांची नावे पाठ करून यावीत, यादी सूचनाफलकावर लावली आहे.

आणखी एक. त्या पाचव्या घरच्या आईने दोन आठवड्यांपूर्वी सिस्टरांच्या हाती पांढरे कापड पाठवले. तिने ते स्वतः विकत घेतले आहे आणि पैसे नकोत असे कळवले आहे. फक्त शर्ट शिवून हवा आहे. मुलाचे माप सिस्टरांकडे आहे. शिवताना थोडे वाढते ठेवावे.

आपला ख्रिस्तातील सेवक,
तुमचे धर्मगुरू